कापलेली कड काळी पडते : दोष पात्याचा की आपला?

गोलकरवत (धागाकर्ता)
गेल्या पंधरवड्यात जुळे सोलापुरातल्या एका घरासाठी देवघर केलं. बीच या फिकट लाकडाच्या फळ्या, वर पारदर्शक पॉलिश. फळ्या चिरताना, म्हणजे लांबीच्या दिशेने कापताना, कडेला तपकिरी पट्टे उठले होते, पण 'पॉलिश पेपर मारला की जाईल' म्हणून तसाच पुढे गेलो. पॉलिशचा पहिला हात दिला आणि ते पट्टे आणखी गडद झाले. तीन फळ्या बाद. त्याचे पैसे मीच भरले.

काप करपला की आपल्याकडे एकच वाक्य ऐकू येतं, 'पातं मेलंय, नवं आण.' मला हे पटत नाही. बहुतेक वेळा पात्यात जीव असतो. आपणच फळी भीत भीत सरकवतो, चिरायला आडव्या कापाचं साठ दाती पातं लावतो आणि गाईड, म्हणजे फळी जिला टेकवून सरकवतो ती पट्टी, पात्याला समांतर आहे का हे महिनोन्महिने बघत नाही. दात लाकडात शिरून भुसा काढत असतो तोवर बरीचशी उष्णता भुशाबरोबर बाहेर पडते. तोच दात एका जागी घासत राहिला की ती लाकडात मुरते. साधारण २०० अंशांच्या आसपास लाकूड तपकिरी पडायला लागतं, आणि घासणारं पातं तिथवर पोचायला वेळ लागत नाही.

माझं म्हणणं : दहा इंची पात्याला चिरण्यासाठी २४ दात, आडव्या कापासाठी ६० ते ८०. आणि फळी न थांबता, जोरात पुढे ढकला. ज्यांना पटत नसेल त्यांनी जरूर लिहा.

रंधावाला
नाही पटत ओ. तीस वर्षं सुतारकाम करतोय. वडिलांनी पहिल्याच महिन्यात शिकवलं होतं की करवतीचा काप हा शेवटचा काप नसतो. दीड-दोन मिलिमीटर जास्त ठेवून चिरायचं, मग रंधा. करपलेलं असो की दातांच्या रेघा असोत, रंध्याच्या दोन फेऱ्यांत कड लोण्यासारखी होते. तुमच्या फळ्या करपल्या म्हणून बाद झाल्या नाहीत, रंधा मारला नाही म्हणून झाल्या. करवतीकडून रंध्याचं काम मागू नका.

गोलकरवत
अण्णा, सरळ कडेपुरतं तुमचं बरोबर आहे, देवघरात चूक माझीच झाली. पण ४५ अंशांच्या जोडाचं काय करायचं? त्या तोंडावर रंधा फिरवला की कोन हलतो आणि चौकटीचा चौथा कोपरा उघडा पडतो. शिवाय तिथं लाकडाच्या शिरांची उघडी टोकं असतात, त्यांत काळेपणा खोल उतरतो. जळून गुळगुळीत झालेल्या तोंडाला सरसही नीट धरत नाही. तिथं काप पहिल्यांदाच स्वच्छ यायला हवा.

साईट_ते_साईट
तुम्हा दोघांकडे टेबलात बसवलेली करवत आहे, म्हणून ही चर्चा सुचते. मी विजापूर रोडला फ्लॅटमध्ये फर्निचर करतो. हत्यार म्हणजे चार इंची मार्बल कटर आणि त्याला लाकडाचं पातं. गाईड नाही, टेबल नाही, तिसऱ्या मजल्यावर खालून ओढून आणलेली वायर. मी बघितलेल्या बहुतेक साईटवर असंच चालतं. प्लाय करपतो, बीडिंगची पट्टी करपते, मालक आमच्यावर ओरडतो. जोरात ढकललं तर कटर जागेवर बसतो. आमच्यासाठी काही असेल तर सांगा.

मोजपट्टी
इथं मी धागाकर्त्याच्या विरोधात आहे. साईटवर काप करपतो त्यात हाताचा दोष थोडा आणि हत्याराचा जास्त. हिशोब मांडतो.

मार्बल कटर मिनिटाला सुमारे १३,००० फेरे घेतो. पातं ४० दाती असेल तर मिनिटाला ५ लाख २० हजार दात लाकडावरून जातात. तुम्ही मिनिटाला दोन मीटर कापत असाल तर एका दाताच्या वाट्याला ०.००४ मिलिमीटर लाकूड येतं. इतक्या कमी लाकडात दात शिरतच नाही, वरून घासून जातो. सात इंची हातातली गोल करवत घ्या : ५,५०० फेरे, २४ दात, म्हणजे मिनिटाला १ लाख ३२ हजार. सरकवण्याचा वेग तोच ठेवला तरी एका दाताला ०.०१५ मिलिमीटर, जवळपास चौपट. पात्याच्या कडेचा वेगही बघा. कटरचा सेकंदाला ७५ मीटर, मोठ्या करवतीचा ५३. म्हणजे कटरचं पातं लहान असून जास्त वेगानं घासतं आणि दर दाताला कमी कापतं. लाकूड करपायला आणखी काय लागतं?

दुसरी गोष्ट वायरची. तीस मीटर बारीक वायरीतून कटर चालवला, त्यात शेजारचे यंत्रमाग एकदम सुरू होऊन दाब पडला, की मोटर ओढ खाते. पातं अडखळतं, तुम्ही थांबता, आणि थांबलात तिथेच काळा डाग बसतो. अडीच चौरस मिलिमीटरची वायर घ्या. फरक पहिल्याच दिवशी दिसेल.

करवतकाठी
पहिल्या पोस्टमधलं एक वाक्य वाचून मला राहवलं नाही. माझे बाबा सॉ मिलमध्ये होते. उजव्या हाताची दोन बोटं तिथेच गेली. पातं बोथट झालं होतं, लाकूड काळं पडत होतं, धूर येत होता, आणि मुकादम मागून 'जोर लाव' म्हणत होता.

'जोरात ढकला' असं तुम्ही इथं लिहून ठेवलंत. वाचणारा शिकाऊ मुलगा नेमकं तेवढंच घेऊन जाईल. पातं बोथट असेल, किंवा गाईड मागच्या टोकाला पात्याकडे झुकलेलं असेल, तर फळी गाईड आणि पात्याच्या मागच्या दातांमध्ये चिमटते. टेबलावर मागचे दात खालून वर येत असतात. ते फळी उचलतात आणि ढकलणाऱ्याच्या पोटावर फेकतात. काप मिटू नये म्हणून पात्यामागे जी उभी पत्ती असते ती आपल्याकडे बहुतेक जण 'आड येते' म्हणून काढून टाकतात. जिथं लाकूड करपतं तिथं ते पात्याला कुठेतरी दाबलं जातंय किंवा दात कापत नाहीयेत. तेव्हा मशीन बंद करून कारण शोधायचं असतं. जोर लावायचा नसतो.

आणि साईटवाले दादा, कटर फरशी कापायला बनलाय. लाकडाचं दाती पातं त्यात लावू नका. कमीत कमी पात्यावर छापलेले कमाल फेरे तरी वाचा.

साईट_ते_साईट
ताई, तुमचं खोटं नाही. पण सात इंची करवत म्हणजे माझी आठवडाभराची मजुरी. ठेकेदार चौरस फुटावर पैसे देतो, हत्यारावर देत नाही. तरी मोजपट्टींचा हिशोब वाचून पुढच्या कामाआधी घ्यायचं ठरवलंय. वायर उद्याच बदलतो.

रंधावाला
राळेबद्दल कुणीच बोललं नाही. सागवान, कडुलिंब आठवडाभर कापा, पात्यावर तपकिरी थर चढतो. आम्ही पातं ब्लो लॅम्पवर धरायचो, राळ जळून जायची. दोन मिनिटांचं काम.

मोजपट्टी
अण्णा, कार्बाईडच्या (वेगळ्या कठीण दातांच्या) पात्याला हे कृपा करून करू नका. ते दात डाख लावून बसवलेले असतात. ज्योतीने डाख कमजोर होतो, आणि १३,००० फेऱ्यांवर सुटलेला दात कुठे जाईल सांगता येत नाही. पात्याचा पत्राही तापून ताण सोडतो, मग ते फिरताना लहरतं आणि दोन्ही कडा जाळतं.

राळेचा मुद्दा मात्र अगदी मोलाचा आहे. दाताची रुंदी ३ मिलिमीटर असली तर पत्रा २.२ च्या आसपास असतो. बाजूला उरलेल्या त्या जेमतेम ०.४ मिलिमीटरमुळेच पातं लाकडाला न घासता फिरतं. राळ नेमकी तीच जागा भरते. कोमट पाण्यात धुण्याचा सोडा टाकून वीस मिनिटं बुडवा, जुन्या टूथब्रशने दाताच्या बाजू घासा, लगेच कोरडं पुसा, तेलाचं बोट फिरवा. 'पातं मेलं' म्हणून टाकलेली कितीतरी पाती एवढ्यानेच पुन्हा चालतात. सागात सिलिका असते, त्यामुळे धार खरोखरही लवकर जाते. पण आधी धुवा, मग ठरवा.

गोलकरवत
करवतकाठी यांची पोस्ट वाचून झोप लागेना. सकाळी सहालाच अक्कलकोट रोडला शेडवर जाऊन मोजलं. गाईड मागच्या टोकाला पात्याकडे ०.८ मिलिमीटर झुकलेलं निघालं. पात्याच्या दोन्ही बाजूंना राळ होतीच. देवघराच्या फळ्या ह्याच मशीनवर चिरल्या होत्या. म्हणजे फळी रोज चिमटत होती आणि मी ती छातीचा जोर लावून रेटत होतो.

गाईड समांतर केलं, पातं सोड्यात धुतलं. धार लावली नाही, २४ दाती पातं घातलं नाही, तेच जुनं ४० दाती ठेवलं. बीचची उरलेली फळी चिरली. चार फूट काप अगदी पांढरा आला, फक्त मध्ये हात बदलायला क्षणभर थांबलो तिथे नखाएवढा डाग पडला.

पहिल्या पोस्टमधलं 'जोरात ढकला' मी मागे घेतो. 'न थांबता' मात्र ठेवतो. दातांच्या संख्येवरही ठाम आहे, पण तो मुद्दा गाईड आणि राळ यांच्यानंतर येतो.

रंधावाला
ज्योत बंद, सोडा आणला. पण दोन मिलिमीटर जास्त ठेवणं मी सोडणार नाही, तुमचा काप कितीही पांढरा येवो. काप आज स्वच्छ दिसतो, पावसाळ्यात फळी फुगली की त्या दोन मिलिमीटरची किंमत कळते.

करवतकाठी
गोलकरवत दादा, हात बदलायला थांबलात म्हणजे हात पात्याजवळ होता. टोकाला खाच पाडलेली फूटभर लांब काठी करून घ्या, शेवटचा भाग तिनेच ढकला. थांबावं लागणार नाही, डागही पडणार नाही. आणि ती उभी पत्ती तुमच्या मशीनवर आहे का, ते तुम्ही लिहिलं नाहीत.