मदत हवी आहे: अंगठा दुखतो, नारळ रोज लागतो. आईसाठी काय घेऊ?

नमस्कार मंडळी,

आई रत्नागिरीला एकटी असते, सत्तरी ओलांडली आहे. गुडघ्यांमुळे विळीवर बसणं मागेच सुटलं. आता उजव्या अंगठ्याच्या बुडाशी संधिवात निघालाय. डॉक्टर म्हणतात, पिळायची नि चिमटीत दाबायची कामं टाळा. स्वयंपाकात दुसरं असतं काय? मी पुण्यातून 'बाई लाव' म्हणते, ती दाद देत नाही. तिला हातचंच हवं असतं, आणि खरं सांगायचं तर मला ते पटतं.

सगळ्यात अडतं नारळाशी. ओट्याला चिकटणारी, दांडा फिरवायची खवणी आणून दिली. खाली रबरी बूड, खटका दाबला की घट्ट बसायला हवं. पण आमचा ओटा जुन्या कडप्प्याचा, खरबरीत. दोन फेऱ्यांत बूड सुटतं. एका हातात वाटी, दुसऱ्यात दांडा, मग खवणी धरायची कोणी? त्यात गणपती तोंडावर आलेत, म्हणजे मोदकांचं सारण आलंच.

दुसरं म्हणजे सांडशी. कुकरमधून वरणाचं भांडं काढताना सगळा भार त्याच अंगठ्यावर येतो, आणि मला भीती भाजण्याची वाटते. कांदा चिरणं त्यामानाने किरकोळ, पण सुचलं तर सांगा.

घरात 500 वॅटचा मिक्सर आहे. पावसात वीज जाते, त्यामुळे सगळंच विजेवरचं नको. बजेट 2000-2500 रुपये. 'एकात बारा' प्रकारची यंत्रं कृपया सुचवू नका, माळ्यावर जागा नाही.

खटपट्या: खवणी आहे तीच ठेवा. फरशीवाल्याकडे पॉलिश ग्रॅनाइटचे उरलेले तुकडे स्वस्तात मिळतात. दीड-दोन फुटांचा घ्या, कडा घासून घ्या, खाली ओलं फडकं घाला. रबर जरा ओलं करून त्यावर बसवा, हलणार नाही. मात्र तो तुकडा ओट्यावरच राहू दे, आईंना उचलायला लावू नका.

कोकमसार: मी तर खोवणंच सोडलंय. वाटी रात्री फ्रीझरमध्ये ठेवायची, सकाळी थोडा वेळ पाण्यात. बोथट सुरी कडेने घातली की खोबरं करवंटीपासून सुटतं. तुकडे करून मिक्सरला थांबत थांबत फिरवायचे, सलग फिरवलं तर लगदा होतो. आमटीला, भाजीला काळी पाठ चालते. मोदकाला ती सोलावी लागते, आणि तिथे पुन्हा अंगठा आला. त्यामुळे ते काम तुम्ही गेलात की करून द्या. खोबरं डब्यांत भरून फ्रीझरमध्ये टाकलं की आईंना फक्त काढायचं.

भांडेआळी: सांडशी बंदच करा. कुकरच्या डब्यांचा कडीवाला स्टँड मिळतो, डबे एकावर एक बसतात. वाफ पूर्ण गेल्यावर कडीला लाटणं अडकवून दोन्ही हातांनी वर घ्यायचं, चिमटीचा प्रश्नच नाही. कांद्याला दोरीचा चॉपर बघा. दोरी कोपरातून ओढली जाते आणि झाकण तळव्याने दाबता येतं. चार-पाच झटके पुरे, जास्त ओढलंत तर कांद्याला पाणी सुटतं. मेथी-पालकाला मात्र तो कुचकामी.

धागाकर्ती: ग्रॅनाइटचं डोक्यातच आलं नव्हतं, या रविवारी बघते. भांडेआळी, आईचा कुकर 3 लिटरचा, आतल्या झाकणाचा आहे. त्यात स्टँड जाईल का?

भांडेआळी: तिथेच गोम आहे. आतल्या झाकणाच्या कुकरचं तोंड लंबगोल असतं. आईंना पट्टीने तोंडाची अरुंद बाजू मोजायला सांगा, स्टँडची रुंदी त्याहून बोटभर तरी कमी हवी. माप लिहूनच दुकानात जा. बसत नसेल तर बाहेरच्या झाकणाचा, ॲल्युमिनियमचा छोटा कुकर घ्या, स्टीलपेक्षा हलका पडतो. आयएसआय मार्क बघून घ्या. आणि झाकण आईंनी स्वतः चार वेळा लावून-काढून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.