दुखण्याच्या गोळ्या वर्षानुवर्षे चालू असतील तर झोपेची तपासणी सक्तीची करावी का?

तापीकाठ, भुसावळ
माझं मत: करावी. पाठीच्या किंवा नसांच्या जुन्या दुखण्यावर ट्रामाडॉल, टॅपेन्टाडॉल, मॉर्फिन, नाहीतर ब्युप्रेनॉर्फिनचा पॅच (कातडीवर चिकटवायची औषधाची पट्टी) महिनोन्महिने चालू असतो. झोपेतला श्वास तपासल्याशिवाय पुढची चिठ्ठी मिळूच नये.

घोरणाऱ्याचा घसा मिटतो आणि श्वास अडतो, तो स्लीप अ‍ॅप्निया सगळ्यांना ठाऊक आहे. वर सांगितलेल्या या ओपिऑइड, म्हणजे अफूसारखं काम करणाऱ्या गटातल्या औषधांनी त्यात भर पडतेच, पण आणखी एक प्रकार होतो. श्वासाचा ठेका मेंदूच्या देठात ठरतो आणि ही औषधं नेमकी तिथे काम करतात. रक्तात कार्बन डायऑक्साइड साचला की श्वास घ्यायचा हुकूम सुटायला हवा, तो सुटतच नाही. घसा उघडा, छाती मात्र हलत नाही. हा सेंट्रल अ‍ॅप्निया. डोस जितका मोठा, तितका धोका जास्त.

माझे काका यावलकडे केळीचे घड वाहून कंबरेतून गेले. उन्हाळ्यात खाटा अंगणात येतात, तेव्हा काकूच्या लक्षात आलं: छाती थांबते, मग एकदम दचकून मोठा श्वास. सकाळी डोकं जड, दुपारी ओट्यावर बसल्या बसल्या डुलकी. डॉक्टरांना सांगितलं तर म्हणाले, वय झालं.

बागायतदार, चोपडा
सक्ती म्हटलं की गोळी बंद, एवढंच होणार. रात्रभर वायरी लावून झोपवणारी तपासणी आमच्या तालुक्यात नाही. कंबरेच्या माणसाला एस.टी.त बसवून जळगावला न्यायचं, मुक्काम करायचा, मजुरी बुडवायची? आधीच ही औषधं मिळता मिळत नाहीत. 2014 मध्ये अंमली पदार्थांचा कायदा (एनडीपीएस) सैल केला तरी मॉर्फिनसाठी कॅन्सरच्या पेशंटची वणवण थांबली नाही. 2018 मध्ये ट्रामाडॉलही एनडीपीएसमध्ये घातलं, तेव्हापासून आमच्याकडचे मेडिकलवाले चिठ्ठी दहादा उलटीपालटी करतात. त्यात तुमचा हा नवा कागद. दुखण्यानं रात्रभर तळमळणाऱ्याची झोप कोण मोजणार?

गप्पिष्ट, अमळनेर
घोरीसन कोनी मरस का भो?

तापीकाठ, भुसावळ
भो, घोरण्याबद्दल बोलतच नाही मी. सेंट्रल प्रकारात माणूस घोरेलच असं नाही, म्हणून तर घरचे खूश असतात, ‘आता कसे शांत झोपतात’.

मेडिकलवाला, धुळे
काउंटरवर उभा राहून सांगतो, खरा घोळ मिसळीचा आहे. हाडाच्या डॉक्टरांची चिठ्ठी: ट्रामाडॉल आणि नसांच्या दुखण्यावरचं प्रीगॅबॅलिन. पेशंट म्हणतो झोप लागत नाही, म्हणून दुसऱ्या डॉक्टरांची चिठ्ठी: क्लोनाझेपाम. एकाचा कागद दुसऱ्यानं पाहिलेला नसतो. काहींची संध्याकाळची क्वार्टर वेगळीच. झोप मोडतेय श्वास अडल्यामुळे आणि आपण देतोय श्वास आणखी मंद करणारी गोळी! ओपिऑइड आणि या जातीची झोपेची गोळी एकत्र देण्यावर अमेरिकेच्या एफडीएनं (तिथली औषधांवर नजर ठेवणारी सरकारी संस्था) 2016 मध्ये सगळ्यात कडक इशारा छापायला लावला. 2019 मध्ये प्रीगॅबॅलिन, गॅबापेंटिनबद्दलही सावध केलं.

आणखी एक. पॅच लावलेल्या जागेवर गरम पाण्याच्या पिशवीनं शेकू नका. उष्णतेनं औषध भराभर अंगात जातं. पाठ दुखणारा माणूस पहिल्यांदा तेच करतो.

रात्रपाळी (भूलशास्त्राचा निवासी डॉक्टर)
दोघांचंही अर्धं पटलं. किमान 10 सेकंद श्वास थांबला की तो एक अडथळा. तासाला 5 पेक्षा कमी अडथळे चालतात, 15 च्या पुढे मध्यम आजार, 30 च्या पुढे गंभीर. पण तपासणी झाली म्हणजे सुटलो असं नाही. मास्कचं सीपॅप मशीन घसा उघडा ठेवतं. मेंदूच हुकूम देत नसेल तर ते बरेचदा अपुरं पडतं. तिथे पहिला उपाय डोस हळूहळू उतरवणं आणि झोपेची गोळी काढणं. स्लीप अ‍ॅप्नियाचा संशय तपासायचे आमचे नेहमीचे आठ प्रश्न घोरणं, मान, वजन, बीपी विचारतात, त्यातून सेंट्रल प्रकार सहज निसटतो. दिवसा बोटाला ऑक्सिमीटर लावून 98 दिसले यालाही काही अर्थ नाही. आणि हे वाचून कोणी गोळी एकदम तोडू नका. जुलाब, घाम, तगमग आणि दुप्पट दुखणं येईल.

बागायतदार, चोपडा
मग सक्ती डॉक्टरवर घाला. ‘रात्री श्वास थांबतो का’ हे बायकोला विचारायचं आणि चिठ्ठीवर लिहायचं. त्याला ना एस.टी. लागते ना वायरी.

तापीकाठ, भुसावळ
काकूनं न विचारता सांगितलं होतं, तरी ‘वय झालं’ ऐकून परत आली. बरं, सरसकट नको. मोठा डोस, सोबत झोपेची गोळी किंवा आधीपासून दमा असलेले, एवढ्यांना तरी तपासणी हवीच. यावरून मी हटणार नाही.

सूनबाई, शहादा
तुम्ही सगळे पेशंटबद्दल बोलताय, मी स्वतः पेशंट आहे. मणक्याच्या ऑपरेशननंतर पॅचवर आहे. पॅच लागला की भाकरी थापण्याइतपत बसता येतं, नाहीतर तेही नाही. घरात आत्ताच कुजबुज असते, ‘हिला सवय लागली’. उद्या रिपोर्ट खराब आला तर तो पहिल्यांदा सासूबाईंच्या हातात जाईल आणि पॅच त्याच दिवशी निघेल. तपासणीला मी तयार आहे. पण डोस उतरवताना दुखण्याचं काय करायचं, हे कोण लिहून देणार? फिजिओथेरपीला आठवड्यातून तीनदा या म्हणतात. तीनदा मला घराबाहेर कोण सोडतंय?