470 ते 590 मेगाहर्ट्झ ‘रिकामं’ म्हणणाऱ्यांनो, नक्की काय मोजलंत?

गच्चीवाला: काल इथेच एकाने स्क्रीनशॉट टाकला. पुण्यात खिडकीत डोंगल (कॉम्प्युटरला लावायचा छोटा रेडिओ रिसीव्हर) लावून 470 ते 590 मेगाहर्ट्झ हा टीव्हीचा पट्टा रात्रभर स्कॅन केला, काहीच दिसलं नाही, म्हणजे सरकार स्पेक्ट्रम दाबून बसलंय, कॉग्निटिव्ह रेडिओ (आधी ऐकून मोकळी जागा शोधणारा आणि तिथेच बोलणारा) आणा आणि वाटून टाका. खाली ढीगभर टाळ्या. अहो, तो डोंगल एका वेळी दोन-अडीच मेगाहर्ट्झच बघतो, बाकी पट्ट्यात तेवढ्यात काय होऊन गेलं ते त्याच्या बापाला कळत नाही. 8 मेगाहर्ट्झच्या चॅनेलमध्ये नुसता थर्मल नॉइजच (उष्णतेमुळे कायम असणारा खरखराट) साधारण -105 डीबीएम असतो; हे सिग्नलच्या ताकदीचं माप, उणे आकडा जितका मोठा तितका सिग्नल कमजोर. अमेरिकेत एफसीसीने (तिथल्या दूरसंचार नियामकाने) 2008 मध्ये अट घातली होती की व्हाइट स्पेसच्या, म्हणजे टीव्हीच्या मोकळ्या चॅनेलवर चालणाऱ्या डब्याला -114 डीबीएमचा टीव्ही सिग्नल ओळखता आला पाहिजे, म्हणजे नॉइजच्याही खालचा. खिडकीतला डोंगल हे करणार?

डोंगलबहाद्दर: स्क्रीनशॉट माझाच. एफसीसीचं अर्धंच सांगितलंत की. 2010 मध्ये त्यांनीच सेन्सिंगची (डब्याने स्वतः ऐकून बघण्याची) सक्ती काढली, कुठे कोणतं चॅनेल मोकळं ते डेटाबेसला विचारा आणि वापरा म्हणाले. आयआयटी मुंबईवाल्यांनी दूरदर्शनच्या टॉवरांवरून हिशोब मांडला, तर याच पट्ट्यात 15 पैकी 12 तरी चॅनेल देशात जवळपास सगळीकडे मोकळे निघाले, आणि तेव्हा टॉवर चालू होते, आता बहुतेक बंद झालेत. पालघरच्या खामलोलीत याच पट्ट्यावर त्यांनी नेट नेऊन दाखवलं. माझ्या आजोळी आजही फोन घेऊन टेकाडावर चढल्याशिवाय मेसेज जात नाही. मग खिडकी काय नि गच्ची काय, उत्तर तेच ना?

गच्चीवाला: गणितात पायऱ्यांचे मार्क असतात, साहेब. आयआयटीने टॉवरची जागा, उंची, पॉवर घेऊन काढलं, खिडकीतून हात बाहेर काढून नाही. समजा तुमच्यासमोर बिल्डिंग आडवी आहे म्हणून तुम्हाला टॉवर ऐकू येत नाही, पलीकडच्याला येतोय. तुम्ही ट्रान्समिट केलं की त्याचं चित्र गेलं. यालाच हिडन नोड म्हणतात, विसरलात काय?

आकाशवेडी: ऐकणाऱ्यांचा विषय निघालाच आहे तर, नारायणगावजवळच्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या 45 मीटरच्या 30 डिश आकाशातले सिग्नल नुसत्या ऐकतात, आणि त्यांचा एक बँड 550 ते 850 मेगाहर्ट्झ आहे. तिथे अ‍ॅनालायझर (सिग्नल मोजायचं यंत्र) लावलात तर ‘रिकामं’च म्हणेल. असं नुसतं ऐकणारं गिऱ्हाईक तुमचा कॉग्निटिव्ह रेडिओ ओळखणार कसा?

नारायणगावकर: दुर्बिणीचं कौतुक पुरे. तिच्यापायी पुणे-नाशिक रेल्वे आमच्याकडून उचलून अहिल्यानगर-शिर्डीकडे वळवली. आमचा टोमॅटो अजून टेम्पोतच, चाकणच्या ट्रॅफिकमध्ये सडतोय.

आकाशवेडी: ओव्हरहेड वायरवर इंजिनाच्या टपावरचा पेंटोग्राफ ठिणग्या टाकतो, दादा. तो रेडिओतला आवाज एका फ्रिक्वेन्सीवर बसत नाही, अख्ख्या पट्ट्यावर पसरतो.

नारायणगावकर: आणि हायवेवरच्या गाड्यांचे, खिशातल्या मोबाइलचे आवाज काय बासरी आहेत? ते चालतात, फक्त आमची रेल्वे चालत नाही?

डोंगलबहाद्दर: रेल्वेचा धागा वेगळा काढा हो कोणीतरी.

नारायणगावकर: का काढू? शेअरिंगवरच चाललंय ना? मग आमच्याशी कोण शेअर करतंय ते सांगा की आधी. पुण्यात बसून शहाणपण शिकवायला काय जातंय!

आकाशवेडी: आवाज चढवू नका. मीही जुन्नरचीच आहे, त्याच रस्त्याने जाते.

हॅमकाका: भांडा निवांत. अमेरिकेत 3550 ते 3700 मेगाहर्ट्झमध्ये नेव्हीचं रडार आहे. किनाऱ्यावरच्या सेन्सरना ते ऐकू आलं की सर्व्हर तो पट्टा वापरणाऱ्या बाकीच्यांना दुसऱ्या चॅनेलवर हलवतो. म्हणजे सेन्सिंग टाकाऊ नाही, पण ते नेमून दिलेल्या सेन्सरने करायचं काम आहे. आमच्या सोसायटीत मात्र लिफ्ट सुरू झाली की माझ्या हॅम रेडिओच्या 40 मीटर बँडवर नुसता खरखराट, आणि नोटीस कोणाला? माझ्या अँटेनाला! चेअरमनच्या दिव्यांच्या माळांचा खरखराट कोणी मोजत नाही.

डोंगलबहाद्दर: बरं महाराज, स्क्रीनशॉटखाली ‘फक्त माझ्या खिडकीपुरतं’ असं लिहितो, झालं समाधान? आता आपल्याकडे डेटाबेस कधी येणार ते सांगा, का त्यालाही पायऱ्यांचे मार्क?

गच्चीवाला: लिहा आधी. आणि गेन (डोंगल सिग्नल किती वाढवून घेतो ते) किती ठेवला होता तेही लिहा.

नारायणगावकर: डेटाबेस आला की त्यात आमचं स्टेशनपण टाका.