मदत हवी आहे: पितळ आणि लोखंड जोडायचं कसं?

आजीचा पितळी अडकित्ता, आजोबांच्या शिलाई मशीनचं लोखंडी चाक आणि सागवानी पाटाचा तुकडा जोडून भिंतीवरचं शिल्प करतेय. गाडं अडलंय ते पितळ-लोखंडाच्या जोडाशी. वेल्डर म्हणतो, "ताई, पितळ तापलं की जस्ताचा धूर निघतो, मी हात नाही लावत." ब्रेझिंग (कमी तापमानाला वितळणारा दुसरा धातू सांध्यात भरून जोडणं) केलं तर अडकित्त्याच्या मुठीवरची काळपट झाक जाईल, आणि मला तर तीच हवीय! एपॉक्सीनं चिकटवावं तर पश्चिमेची भिंत अन् नागपूरचा मे महिना. ४५ अंशांच्या उन्हात तापून ते मऊ पडेल अशी भीती वाटते. नट-बोल्टसाठी भोक पाडायचं म्हटलं की आई डोळे वटारते. तांब्याच्या तारेनं आवळलं तर वजन पेलेल का? इतवारी-महालकडे असली कामं करणारा जुना कारागीर माहीत असेल तर सांगा. घासून चकाचक करून देणारा मात्र नको.