'हाफ-डिमिनिश्ड'ला मराठीत काय म्हणावं?

पार्क_चौक : सोलापुरात संध्याकाळी पोरांना गिटार शिकवतो. त्यांच्यासाठी मराठीत टिपणं काढतोय. मेजर-मायनर तसेच ठेवलेत, ते तोंडात बसलेत. 'हाफ-डिमिनिश्ड' या कॉर्डला (एकदम वाजवायच्या चार स्वरांचा संच) अडलो. 'अर्धक्षीण' लिहिलं तर एक पोरगं विचारतंय, "सर, हा कॉर्ड आजारी हाय का ओ?" दुसरं काही सुचतंय का?

अक्षरओळख : 'अर्धन्यून स्वरसंघात'. क्षीण प्रकृती होते, अंतर न्यून होतं. शास्त्र शिकवताय तर शास्त्राची भाषा वापरा. "डिम मार" वगैरे ऑर्केस्ट्रात ठीक.

कीबोर्डवाला : ऑर्केस्ट्रा म्हणून नाक मुरडू नका साहेब. स्टेजवर 'अर्धन्यून स्वरसंघात' म्हणेपर्यंत अंतरा संपून जाईल. आम्ही 'हाफ डिम' म्हणतो, नाहीतर 'मायनर सेव्हन फ्लॅट फाइव्ह'. हे दुसरं नाव लांबलचक आहे, पण ही कॉर्ड कशी धरायची ते त्यातच आलं.

तीव्र_म : घोळ तिथंच आहे. फ्लॅट फाइव्ह म्हणजे उतरलेला पंचम. आपल्याकडे पंचम उतरतच नाही, सा आणि प अचल. मूळ स्वराला सा धरलं तर हे चार स्वर होतात सा, कोमल ग, तीव्र म, कोमल नी. म्हणजे तिकडे जो उतरला म्हणून 'डिमिनिश्ड', तोच इकडे चढला म्हणून 'तीव्र'. मग न्यून कोण नि क्षीण कोण? कोमल ग आणि तीव्र म ही जोडी तोडी रागात आहे, मुलतानीत आहे, मधुवंतीत आहे, पण तिन्हींत नी शुद्ध. इथे तो कोमल, म्हणून आपल्या कानाला हे परकं वाटतं असं माझं मत.

पार्क_चौक : पोरांना पडणारा प्रश्न वेगळाच आहे: अर्धं नक्की काय? पूर्ण डिमिनिश्डमध्ये पाचवा आणि सातवा स्वर दोन्ही आखडलेले, तीन-तीन-तीन पट्ट्यांच्या उड्या. हाफमध्ये पाचवाच आखडलेला, सातवा साध्या मायनर सेव्हनचाच, म्हणून तीन-तीन-चार. पूर्णाचं चिन्ह शून्य, हाफचं काट मारलेलं शून्य. नावात हे 'अर्धं' दिसायला हवं.

बाराखडी : मग 'निम' घ्या की! निमसरकारी, निमशहरी, निमगोरा, तसं 'निमडिम'.

अक्षरओळख : निम फारसी आहे. 'अर्ध' घरात असताना उसनवारी कशाला?

बाराखडी : चादरही फारसीच. सोलापुरात राहून तिला आच्छादन म्हणणार का?

तीव्र_म : शिवाय संस्कृतात 'नेम' म्हणजे अर्धा, सर्वनामांच्या गणात 'सर्व'बरोबर येतो. फारसी नीम त्याचाच भाऊबंद. घ्या, झालं शुद्ध.

पेटीमास्तर : नाव नंतर ठेवा, आधी वाजवून दाखवा. पेटीवर पांढरी सहा (सहावी पांढरी पट्टी) सा धरा, चाल कीरवाणी रागाची. रे म ध सा, ध कोमल. म्हणजे पांढरी सात, दोन, चार, सहा. झाला तुमचा निमडिम, एकही काळी पट्टी नाही. आता रे आणि म वरची बोटं उचलायची नाहीत. कोमल ध एक पट्टी खाली येऊन प होतो, सा एक पट्टी खाली येऊन शुद्ध नी होतो. हा ई सेव्हन कॉर्ड. तिथून ए मायनर, घरी.

गाणं बांधताना याचा उपयोग असा. ओळ सा वर संपते आहे, पण ऐकणाऱ्याला 'संपली' वाटू द्यायचं नाही. समजा ओळ आहे 'भोंगा झाला, तू न आला' (भोंगा गिरणीचा). 'आला'चा 'ला' सा वर. खाली ए मायनर धरला तर बाई वाट बघून उठली, स्वयंपाकाला लागली. निमडिम धरला तर अजून दारातच उभी आहे. सा तोच, खालचा रे त्याला टेकू देत नाही. पुढचा शब्द नी वर घ्या, खाली ई सेव्हन. फक्त प्रत्येक ओळीला हे करू नका, पोरं सापडलं की तेच तेच वाजवत बसतात.

कीबोर्डवाला : पण मास्तर, दोन-चार-सहा-सात हा तर डी मायनर सिक्स्थ झाला!

पेटीमास्तर : स्वर तेच चार, पण बेसवाला काय धरतो ते बघा. खाली रे असेल तर हाफ डिम, म असेल तर सिक्स्थ.

कीबोर्डवाला : आणि बेसवाला आलाच नसेल तर?

पेटीमास्तर : मग डावा हात कशाला दिलाय?

तीव्र_म : ते जाऊ द्या. 'भोंगा झाला' असं म्हणतात? आम्ही 'भोंगा वाजला' म्हणतो.

बाराखडी : आमच्या चाळीत 'झाला'च. आजोबा मिलमध्ये होते. "पहिला भोंगा झाला, उठ की बे!"

अक्षरओळख : मूळ मराठी प्रयोग 'वाजला'च. आणि वर कोणी 'हा कॉर्ड' लिहिलंय, कोणी 'ही कॉर्ड'. लिंग तरी ठरवा.

कीबोर्डवाला : ती. स्टेजवर सगळे "कुठली कॉर्ड?" असंच विचारतात.

पेटीमास्तर : तो. सूर तो, स्वर तो, मग कॉर्ड ती कशी?

पार्क_चौक : टिपणं झेरॉक्सला द्यायची आहेत ओ. निमडिम लिहू का?

बाराखडी : लिहा बिनधास्त.

अक्षरओळख : अजिबात लिहू नका.

तीव्र_म : बरं, भोंगा 'झाला' हा कानडी वळणाचा प्रयोग असावा का? घरी कानडी बोलणारं कुणी आहे का इथं?