पीडीएफ केली की अक्षरांभोवती मुंग्या

लिबरऑफिसच्या ड्रॉमध्ये (चित्रं, आराखडे काढायचं सॉफ्टवेअर) माहितीपत्रक केलंय. रेषा सुरेख येतात, पण चिकटवलेल्या स्क्रीनशॉटमधल्या अक्षरांभोवती राखाडी ठिपक्यांच्या मुंग्या! वर फाइल ४० एमबी. नेमकं काय बदलू?

— मुंग्या जेपेगच्या (चित्रातले बारकावे गाळून फाइल लहान करायची पद्धत). एक्स्पोर्ट करताना 'लॉसलेस' (काहीच न गाळणारा पर्याय) निवडा. फोटोंना जेपेग चालतो, बारीक अक्षरांची तो वाट लावतो. रेझोल्यूशन छपाईला ३००, नुसतं वाचायला १५० डीपीआय (दर इंचाला ठिपके) पुरे.

— आकडा वाढवून मूळ चित्र सुधारत नाही हं. मीही ६०० ठेवून बसलो होतो, चित्र होतं तसंच धूसर!

— लॉसलेसने मुंग्या गेल्या. १५० वर मात्र स्क्रीनशॉट पुसट झाला. शेवटी फोटो आधीच लहान करून घेतले आणि 'रेझोल्यूशन कमी करा'वरची खूण काढली. आता ७ एमबी.

— छापखान्यात देणार असाल तर फॉन्ट पीडीएफच्या आत आलेत का बघा.