उच्छाद मांडणारा ससा: कोंडून ठेवायचा की घर त्याच्याजोगतं करायचं?

खारूताई

घरात मोकळा ससा पाळणाऱ्या माणसाला एक सल्ला हमखास मिळतो: "फार त्रास देतोय ना, मग पिंजऱ्यात टाका." मला हा सल्ला मुळातच पटत नाही. तुमचं काय मत आहे ते ऐकायचंय, म्हणून धागा काढला.

आमची कापशी अजून वर्षाचीही नाही. सोफ्याच्या तळाचं कापड फाडून ती आत शिरते. दाराच्या चौकटीचा खालचा कोपरा कुणी रंधा मारावा तसा झालाय. उजाडायच्या आत तिची धावाधाव सुरू होते, ती घर डोक्यावर घेऊनच थांबते. घरात दोन तट पडलेत. एका बाजूचं म्हणणं, हिला काहीतरी बिघाड आहे, बांधून ठेवल्याशिवाय ऐकणार नाही.

बिघाड अजिबात नाही. पाळीव ससे युरोपातल्या रानसशांपासून आले. ते रानससे जमिनीत बिळांचं जाळं खणतात आणि गटाने राहतात. म्हणजे उकरणं अंगातच आहे. सशाचे दात 28, आणि पटाशीच्या दातांपासून दाढांपर्यंत सगळे जन्मभर वाढत राहतात, त्यामुळे तोंड सतत चालू लागतंच. दिवसाचा बराच वेळ तो पडून असतो. त्याचा खरा दिवस पहाटे आणि तिन्हीसांजेला, नेमका आपण झोपेत किंवा कामातून थकून आलेलो असतो तेव्हा.

म्हणून माझं ठाम मत: उकरायला, कुरतडायला आणि पळायला आपण जागा दिली नाही, तर ती जागा तो स्वतः शोधणार. शिक्षा करून, कोंडून हे थांबत नाही. आम्ही सोफ्याच्या तळाला फळी ठोकली, वायरी जाड पाइपात घातल्या आणि एका मोठ्या खोक्यात फाडलेले कागद आणि सुकं गवत भरून दिलं. त्या खोक्यात ती काय करते ते बघण्यासारखं आहे. पुढच्या पंजांनी भराभर उकरते, मध्येच थांबून एखादा कागद दातांत धरते, मान झटकून बाहेर भिरकावते, आणि मग त्याच जागी पुन्हा तोंड खुपसते. एवढं मन लावून करायचं काम तिला दिवसभरात दुसरं कुठलं मिळणार?

---

काजवा

ताई, कळकळ कळली, पण मोकळा ठेवला म्हणजे प्रेम आणि बंदिस्त ठेवला म्हणजे क्रूरपणा, ही मांडणीच मला मान्य नाही.

आमच्याकडे आधी जो ससा होता त्याने चालू वायर चावली. ओठाची कड आणि जीभ भाजली. जीव वाचला, पण दुखऱ्या तोंडाने खाणं बंद झालं आणि खरी लढाई तिथून पुढे होती. सशाची आतडी सतत चालती लागतात. अर्धा दिवस त्याने तोंडात काही घेतलं नाही तर थांबायचं नसतं, लगेच डॉक्टर गाठायचा असतो. आम्ही कितीतरी दिवस सिरिंजने पातळ खाणं भरवत होतो आणि लेंड्या पडतात का, केवढ्या पडतात, हे बघत बसत होतो.

वायरी तुम्ही झाकल्यात, चांगलं केलंत. पण सोफ्यातला स्पंज? गालिच्याचे धागे? सशाला उलटी करता येत नाही. गिळलेलं पुढेच सरकणार किंवा अडकणार. रांगतं मूल घरभर मोकळं सोडून आपण झोपायला जात नाही. मग रात्री आणि घरात कुणी नसताना ससा बंद जागेत राहिला तर त्यात त्याचंच भलं आहे.

---

निवांत

नसबंदी झालीये का? नसेल तर बाकीची चर्चा नंतर करा.

---

खारूताई

@निवांत, नाही झाली. घरात भुलेची भीती आहे, आणि खरं सांगायचं तर मलाही आहे.

@काजवा, तुमच्या सशाचं वाचून पोटात गोळा आला. रात्रीच्या धोक्याबद्दल मी वाद घालणार नाही. पण लोक "पिंजरा" म्हणतात तेव्हा डोळ्यांसमोर काय असतं? दोन उड्यांत संपणारी जाळीची पेटी. सशाच्या तळव्याला कुत्र्यामांजरासारखी गादी नसते, नुसते केस असतात. जाळीवर बसून बसून तिथे जखमा होतात. ब्रिटनमधली रॅबिट वेल्फेअर असोसिएशन दोन सशांसाठी किमान 3 मीटर लांब, 2 मीटर रुंद आणि 1 मीटर उंच जागा सुचवते, तीही चोवीस तास खुली. अधूनमधून बाहेर काढलं की झालं, असं नाही. एवढं कुंपण कुणी घालत असेल तर माझा विरोध नाही. माझा विरोध पेटीला आहे.

---

दणकट

एवढा विचार कशाला? कुरतडायला लागला की नाकावर टिचकी मारायची, नाहीतर पाण्याचा फवारा. चार दिवसांत सुधारतो. जनावराला धाक हवाच.

---

शेवंती

@दणकट, हे कृपा करून कुणी करू नका. ससा हा शिकार होणारा प्राणी आहे. मारणारा हात आणि कुरतडलेली चौकट यांचा संबंध तो जोडत नाही, त्याला फक्त हात लक्षात राहतो. मग तो तुम्हाला बघून लपतो, कोपऱ्यात घातला की चावतो आणि कुरतडतो तुम्ही नसताना. शिवाय त्याची हाडं हलकी आणि मागचे पाय ताकदवान. घाबरून जोरात लाथ झाडली तर स्वतःचाच मणका मोडू शकतो. कान धरून उचलणं तर कधीच नको.

चावू नये म्हणून वस्तूंवर मारतात त्या कडू फवाऱ्यावरही विसंबू नका. काही ससे तो आवडीने चाटतात!

आता निवांत यांच्या मुद्द्यावर जरा सविस्तर, कारण धाग्यात तो दोन ओळींत उडून गेला. ससे चार ते सहा महिन्यांत वयात येतात. त्यानंतर जो कहर सुरू होतो, म्हणजे पायांभोवती गोल गोल फिरणं, जागोजागी मूत्राच्या पिचकाऱ्या, हात घातला की गुरगुरून अंगावर येणं, त्यात हार्मोनचा वाटा फार मोठा असतो. मादीला खोटं गर्भारपणही येतं. मग ती गळ्याखालचे केस उपटून, तोंडात गवत गोळा करून घरटं करायला लागते आणि सोफ्याखालची अंधारी जागा तिला बिळासारखीच वाटते. कापशी सोफ्यात शिरते हे वाचून माझ्या मनात पहिलं तेच आलं. ती केस उपटते का, लक्ष ठेवा.

आणि माझ्या दृष्टीने स्वभावाहून मोठं कारण दुसरंच आहे. नसबंदी न झालेल्या माद्यांना वय वाढेल तसा गर्भाशयाचा कर्करोग होण्याचं प्रमाण खूप जास्त असतं. ऑपरेशनमध्ये गर्भाशय काढला की तो धोका राहत नाही. भुलेची भीती रास्त आहे, म्हणून सशांची ऑपरेशनं नेहमी करणारा डॉक्टर शोधा. ससा उलटी करत नसल्यामुळे त्याला ऑपरेशनआधी उपाशी ठेवायचं नसतं. "रात्रीपासून काही देऊ नका" असं कुणी सांगितलं तर तिथे थांबून प्रश्न विचारा. नंतर ती खायला कधी लागते यावर बारीक लक्ष हवं. हार्मोन उतरायला काही आठवडे जातात, लगेच फरक दिसणार नाही.

---

पाणकोंबडी

मला शेवंतींचं अर्धंच पटतं. आजार टाळायला ऑपरेशन, ठीक. पण आपला सोफा वाचावा म्हणून एका जिवाच्या पोटावर चाकू चालवायचा, हे मनाला लागतं. आणि फरक पडतोच असंही नाही. आमच्या नराची नसबंदी झाली, पिचकाऱ्या थांबल्या, पण पुस्तकांचे कोपरे आजही सुरक्षित नाहीत.

उलट विचारते, इतका त्रास होत असेल तर तो प्राणी घरात आणावाच का? बरेच ससे आठ ते बारा वर्षं जगतात. भाड्याच्या घरात चौकट खराब झाली की मालक बोलणार. घरात म्हातारी माणसं असतात, त्यांची पहाटेची झोप जाते. सगळं घर सशाच्या मर्जीने चालवायचं, हा हट्ट एका माणसाचा आणि सोसतात बाकीचे. योग्य घर बघून त्याला देऊन टाकण्यात मला पाप वाटत नाही.

---

निवांत

चघळणं नसबंदीने थांबत नाही, तसा दावा कुणी केलाही नाही. थांबतात ते हद्द आखायचे आणि वीण काढायचे उद्योग. दोन्ही एकत्र मोजलं की "काही फरक पडला नाही" असं वाटतं.

नर असेल तर अजून एक: ऑपरेशननंतरही काही आठवडे त्याच्यापासून पिल्लं होऊ शकतात. लगेच मादीजवळ सोडू नका.

---

खारूताई

@पाणकोंबडी, घरातल्या बाकीच्यांना सोसावं लागतं हा मुद्दा मला टोचला, कारण तो खरा आहे. ससा ज्याला हवा त्यानेच पहाटे उठावं, लेंड्या झाडाव्यात, पैसे घालावेत. आमच्याकडे हे सगळं माझ्याकडेच आहे. पण "देऊन टाका" इतकं सोपं नसतं. खोडकर म्हणून दिलेला ससा नव्या घरातही तेच करणार आणि तिथून तिसऱ्या घरी जाणार. बहुतेकदा त्याची वाट वाढत्या वयात लागते, जेव्हा तो सगळ्यात दांडगा असतो. तेवढा काळ कुणीतरी धीराने काढायला हवा. तो आपणच का काढू नये?

---

काजवा

देणं एकवेळ चालेल, पण बाहेर नेऊन सोडणं नको, हे इथे लिहून ठेवतो, कारण कंटाळलेली माणसं तेही करतात. घरात वाढलेला ससा बाहेर फार टिकत नाही, कुत्री-मांजरी त्याला गाठतात. आणि जिथे टिकतो तिथे दुसरं संकट. 1859 मध्ये ऑस्ट्रेलियात शिकारीच्या हौसेपायी मूठभर ससे सोडले. पुढे त्यांनी तिथली कुरणं आणि पिकं फस्त केली आणि तो देश आजही ते निस्तरतोय.

---

दणकट

टिचकीचं मागे घेत नाही, आमच्या सशाला काही झालं नाही. पण मणक्याचं माहीत नव्हतं. उचलताना मागचा भाग कसा धरायचा?

---

शेवंती

एक हात छातीखाली, दुसरा ढुंगणाखाली, आणि लगेच आपल्या अंगाशी टेकवायचा. मागचे पाय लोंबकळू द्यायचे नाहीत. शक्यतो जमिनीवर बसूनच घ्या, निसटला तरी उंचावरून पडणार नाही.

---

पाणकोंबडी

दुसरा ससा आणायचं कुणी कसं सुचवलं नाही? एकटेपणामुळे असं वागतात म्हणतात. मला तर तो आगीत तेल ओतण्याचा प्रकार वाटतो.

---

निवांत

सोबत सशाला लागतेच, तो एकट्याने राहणारा प्राणी नाही. पण जोडी लावायची तर आधी दोघांची नसबंदी, मग दोघांनाही परक्या अशा जागेत हळूहळू ओळख. थेट एकत्र सोडले तर रक्त निघेपर्यंत भांडतात. आत्ता कापशीच्या या अवस्थेत नको.

---

शेवंती

खाण्याबद्दल कुणी विचारलंच नाही, म्हणून विचारते. ताई, पेलेट, म्हणजे तयार खाद्याच्या गोळ्या, किती देता? वाटी भरलेली असते का? सशाच्या आहारात बहुतांश गवतच हवं, रोज साधारण त्याच्या अंगाएवढा ढीग. गवत चावायला तासन् तास जातात, दाढा त्यानेच झिजतात आणि पोट चालतं राहतं. पेलेट पाच मिनिटांत संपतात, मग उरलेल्या दिवसभर ते तोंड रिकामं. बऱ्याच घरांत "अति चळवळ्या" सशाचं कोडं पेलेटच्या वाटीशी सुटतं, असा माझा अनुभव आहे.

आणि खोकं कुठे ठेवलंय? आपल्याला अडचण होणार नाही अशा कोपऱ्यात ठेवलं तर ससा तिकडे अधूनमधूनच जातो. तिला जिथे उकरायचंय तिथेच ठेवा. चौकटीच्या कोपऱ्याला पातळ फळी लावा आणि तिच्यासमोर गवताची टोपली. सफरचंदाच्या झाडाची किंवा विलोची, औषध न मारलेली फांदी मिळाली तर तीही तिथेच बांधा.

---

खारूताई

पेलेटची वाटी भरलेलीच असते. आजपासून मोजून देते, एकदम कमी न करता. खोकं खिडकीखाली आहे, सोफ्यापासून लांब. ते सोफ्याला लावून ठेवते. गळ्याखालचे केस मघाशीच बघितले, उपटलेले नाहीत. तरी डॉक्टरांची वेळ घेते, घरच्यांना सोबत नेते, म्हणजे भुलेबद्दलचे प्रश्न तेच थेट विचारतील.

@काजवा, रात्रीसाठी हॉलचा अर्धा भाग कुंपणाने वेगळा करायचं ठरतंय. आत ना वायर, ना गालिचा. दार मात्र लावणार नाही, तिला हवं तेव्हा बाहेर येऊ दे.

---

काजवा

दार उघडं ठेवायचं असेल तर कुंपण कशाला? मला हे पटलेलं नाही. बाकीच्या हॉलमध्ये तो सोफा आहेच ना. तुम्ही झोपेपर्यंत दार उघडं ठेवा, झोपताना लावा, पहाटे उठलात की पहिल्यांदा ते उघडा. आणि कुंपण उंच घ्या, निदान एक मीटर. ठेंगणं असलं तर तरुण सशी ते एका झेपेत ओलांडते.

---

खारूताई

उंच घेते. दाराचं मात्र मी अजून तुमच्या बाजूला आलेले नाही. सोफ्याची फळी चारही बाजूंनी पक्की झाली की सांगते, मग पुन्हा भांडू.